आपली नक्षत्रे आणि त्यांचे सोयरे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आले आणि 'भारतीय ज्ञानप्रणाली' हे नाव शाळा-महाविद्यालयांच्या परिपत्रकांत रुळले. गणित, वैद्यक, व्याकरण यांच्या जोडीला आकाशही अभ्यासक्रमात येऊ लागले आहे. सत्तावीस नक्षत्रे, सप्तर्षी, अगस्त्य, मृग आणि व्याध वर्गात शिकवले जाणार असतील, तर त्याचा आनंद मानायला हवा आणि मी तो मानतो. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला ओरायन माहीत असतो. गावाकडचे आजोबा जूनच्या पहिल्या आठवड्यात ज्या मृगाची वाट बघतात तो त्याच आकाशातला, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. हा निखळलेला सांधा जुळलाच पाहिजे.

माझी काळजी आहे ती हे कसे शिकवले जाईल याची. नक्षत्रांबद्दल आपल्याकडे बोलण्याचा एक सूर ठरून गेला आहे: सगळे आपल्या ऋषींनी शोधले, जगाने आपल्याकडून नेले. त्याला उत्तर देणाऱ्यांचाही सूर ठरलेला: राशी ग्रीकांच्या, वार रोमचे, नक्षत्रे बाबिलोनची, आपले असे काहीच नाही. दोन्ही बाजूंना मूळ मालक कोण एवढाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. आकाशाच्या बाबतीत मला तो प्रश्न सर्वांत कमी कामाचा वाटतो. आपली नक्षत्रे शिकवायची तर ती त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांसकट शिकवावीत. चीनची, अरबांची, बाबिलोनची आणि आपल्याच गोंडांचीही. कुठे आपण घेतले, कुठे दिले, कुठे दोन दूरच्या लोकांना एकाच आकाशाने एकच गोष्ट सुचवली, हे उलगडणे म्हणजेच हा विषय शिकणे. ते वगळून सत्तावीस नावे घोकून घेतली तर मुलांच्या हाती पाढ्यांपलीकडे काही लागणार नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. सप्टेंबरअखेर पाऊस उघडला की रात्री आठच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर तीन तारे एका ओळीत दिसतात. मधला ठळक आणि पांढरा, दोन्ही बाजूंचे मंद. हे श्रवण नक्षत्र. शास्त्रात त्याची देवता विष्णू, आणि तीन तारे ही त्याची तीन पावले. लोकांच्या तोंडी मात्र हा श्रावणबाळ. मधला तारा तो स्वतः, आणि खांद्यावरच्या कावडीच्या दोन टोकांना आंधळे आईबाप. आता चीनमधली गोष्ट पाहा. तिथे हाच मधला तारा म्हणजे न्यूलांग नावाचा गुराखी. त्याची बायको स्वर्गातली विणकरीण, ती आकाशगंगेच्या पलीकडच्या तीरावर अडकलेली. तिचा तारा म्हणजे आपला अभिजित. तिला भेटायला निघताना गुराख्याच्या खांद्यावर आडवी काठी असते आणि काठीच्या दोन टोकांना अडकवलेल्या टोपल्यांत त्यांची दोन मुले. तेच तीन तारे आणि तीच कावड. इथे मुलगा आईबापांना वाहतो, तिथे बाप मुलांना. या नवराबायकोची भेट वर्षातून एकदाच होते, चिनी पंचांगातल्या सातव्या महिन्याच्या सप्तमीला. तो दिवस बहुतेक वर्षी आपल्या श्रावण शुक्ल सप्तमीच्या आगेमागे पडतो. जपानमध्ये हाच सण तानाबाता नावाने साजरा होतो.

आता हे कोणी कोणाकडून घेतले? माझे मत असे की कोणीच नाही. खांद्यावर काठी टाकून दोन टोकांना ओझे लटकवण्याची पद्धत दोन्ही देशांत होती. मध्ये एक ठळक तारा आणि दोन अंगांना दोन मंद तारे दिसले, की अशा लोकांना कावडच दिसणार. पुढची कथा मात्र ज्याची त्याची. आपल्याकडे पितृभक्तीला मान, म्हणून कावडीत आईबाप बसले. चीनमध्ये ताटातुटीची प्रेमकथा लोकांच्या मनात भरली, म्हणून मुले बसली. आठवीतल्या मुलापुढे या दोन कथा शेजारी ठेवल्या तर समाज आकाशात काय पाहतो आणि का पाहतो, हे त्याला अर्ध्या तासात कळेल. नुसते 'श्रवण, देवता विष्णू, तारे तीन' शिकवून ते कधीच कळणार नाही.

सप्तर्षींचेही असेच. आपल्याला ते ऋषी म्हणून ठाऊक आहेत, वसिष्ठाशेजारी बारीकशी अरुंधती. पण विदर्भातल्या गोंड वस्त्यांत ही एका म्हातारीची खाट आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि विदर्भातले गणेश हलकारे यांनी गावोगाव हिंडून, लोकांना आकाशाखाली बसवून ही नोंद केली. चौकोनाचे चार तारे म्हणजे खाटेचे चार खूर, आणि मागचे तीन तारे म्हणजे ती खाट पळवायला आलेले तीन चोर. अरबी परंपरेत हेच सात तारे म्हणजे तिरडी आणि तिच्यामागून चाललेल्या तीन मुली. चार आणि तीन ही फोड तंतोतंत तीच, फक्त एका ठिकाणी झोपायची खाट आणि दुसऱ्या ठिकाणी शेवटची. बाबिलोनच्या लोकांना तिथे गाडी दिसली, प्राचीन इजिप्तला बैलाचा पुढचा पाय. मृगाच्या मधल्या तीन ताऱ्यांत गोंडांना पेरणीचे अवजार दिसते. आपल्या ब्राह्मणग्रंथांत तोच प्रजापतीच्या देहात रुतलेला तीन कांडांचा बाण आहे.

एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात उंचावर ठेवलेल्या, रात्री दिसणाऱ्या आणि दिवसा कुठेतरी निघून जाणाऱ्या 'ऋक्षां'चा उल्लेख आहे. शतपथ ब्राह्मण तर सरळ सांगते की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत. ऋक्ष म्हणजे अस्वल, आणि ग्रीकांनाही याच ताऱ्यांत अस्वल दिसत होते. इथे कावडीसारखे दोघांना वेगवेगळे सुचले असे म्हणता येत नाही, कारण त्या चौकोनात अस्वलासारखे काहीच नाही आणि अस्वलाला एवढे लांब शेपूटही नसते. वैदिक भाषा आणि ग्रीक भाषा एका कुळातल्या, तसाच हा कुळाचा जुना ठेवा असावा. गंमत अशी की उत्तर अमेरिकेतल्या कित्येक आदिवासी जमातींनाही तिथे अस्वलच दिसते, आणि शेपटाचे तीन तारे त्यांना अस्वलामागे लागलेले शिकारी वाटतात. त्यामुळे ही कथा किती जुनी असेल याचा अंदाज बांधणाऱ्यांनी फार मागे जाण्याचे धाडस केले आहे. त्यांचे बरोबर असो वा नसो, ज्या ताऱ्यांना आपण आज ऋषी म्हणतो त्यांना आपलेच पूर्वज आधी अस्वल म्हणत होते, हे आपल्याच ग्रंथात लिहिलेले आहे. परंपरा बदलत आली आहे हे सांगायला बाहेरच्या साक्षीदाराची गरज नाही.

आता ज्यावरून सगळ्यात जास्त भांडण झाले ती चंद्राची नक्षत्रे. चंद्र ताऱ्यांमधून एक फेरी २७.३ दिवसांत पूर्ण करतो. रोज रात्री तो कोणत्या ताऱ्यापाशी मुक्कामाला आहे हे पाहणाऱ्या कोणत्याही समाजाला त्याच्या वाटेचे २७ किंवा २८ भाग सुचणार. आपण २७ केले, अभिजित धरून २८. चीनने २८ केले, अरबांनीही २८. चीनमध्ये हुबेई प्रांतात १९७८ साली झंगच्या एका सरदाराची कबर उघडली गेली. इ.स.पू. ४३३ च्या सुमाराच्या त्या कबरीतल्या लाखेच्या पेटीवर अठ्ठावीसही मुक्कामांची नावे लिहिलेली होती. आपल्याकडे अथर्ववेदात आणि तैत्तिरीय संहितेत कृत्तिकांपासून सुरू होणारी यादी आहे. बाबिलोनच्या 'मुल-अपिन' या संग्रहातली चंद्रमार्गावरच्या ताऱ्यांची यादीही कृत्तिकांपासूनच सुरू होते, पण तिच्यात २७ नाहीत, सतरा-अठराच पुंज आहेत. चिनी यादी सुरू होते चित्रेपासून. म्हणजे साम्य आहे आणि फरकही आहे. आकडा जुळला म्हणून उसनवारी सिद्ध होत नाही आणि फरक आहे म्हणून ती नाकारताही येत नाही.

एकोणिसाव्या शतकात युरोपात यावर घनघोर वाद झाला. बिओ या फ्रेंच पंडिताने नक्षत्रे चीनची म्हटली, वेबरने बाबिलोनकडे बोट दाखवले, माक्स म्युलरने ती भारताचीच म्हणून सांगितले. 'सूर्यसिद्धान्त' या जुन्या संस्कृत ज्योतिषग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८६० साली निघाले, त्यात भाषांतरकार बर्जेस आणि टिपा लिहिणारा व्हिटनी या दोघांची मते एकाच ग्रंथात एकमेकांविरुद्ध गेली. या वादात अनेकदा एक गृहीत दडलेले असे, की हिंदूंना आकाश निरखण्याची सवय नव्हती, तेव्हा त्यांनी ते कुठून तरी घेतलेच असणार. याला उत्तर दिले ते आपल्याच माणसांनी. लोकमान्य टिळकांचे 'ओरायन' १८९३ चे. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा मराठी ग्रंथ १८९६ चा. कृत्तिका पूर्व दिशेहून ढळत नाहीत, हे शतपथ ब्राह्मणातले वाक्य दीक्षितांनी गणिताला लावले आणि ते निरीक्षण इ.स.पू. ३००० च्या सुमाराचे ठरवले. हा निष्कर्ष सर्व अभ्यासकांना मान्य नाही, त्या वाक्याचा अर्थ वेगळाही लावला जातो. पण दीक्षितांची पद्धत पाहा. त्यांनी विरोधकांचे म्हणणे आधी मांडले, आकडे दिले, मग खोडले. हा ग्रंथ मराठीत लिहिला गेला याचा आपल्याला जेवढा अभिमान वाटायला हवा तेवढा वाटत नाही. त्याच्या नावावर आज जे संदेश फिरतात, त्यांत ती पद्धत औषधालाही सापडत नाही.

त्या पिढीची तळमळ मी समजू शकतो. राज्यकर्ते परके होते आणि 'तुम्ही काहीच शोधले नाही' हे रोज ऐकवले जात होते. मूळ आपलेच, हे ठासून सांगणे त्या काळी आत्मसन्मानाचा भाग होता. पण आज आपल्या विद्यापीठांत, आपल्या पाठ्यपुस्तक मंडळांत आपणच बसलो आहोत. तरीही वेबरला उत्तर देण्याच्या आवेशात शाळेची पुस्तके लिहायची असतील, तर आपण अजून त्याच्याच परीक्षेला बसलो आहोत असे म्हणावे लागेल.

राशींचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, आणि तिथे आपण घेतले आहे हे स्वच्छपणे म्हणावे. वैदिक वाङ्मयात नक्षत्रे पानोपानी भेटतात. मेष, वृषभ, मिथुन या बारा राशी भेटत नाहीत. ३०-३० अंशांच्या बारा समान राशी बाबिलोनमध्ये इ.स.पू. पाचव्या शतकात वापरात होत्या. तिथून त्या ग्रीकांकडे आणि ग्रीकांकडून आपल्याकडे आल्या. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहज्जातका'त त्यांची ग्रीक नावेही दिली आहेत: क्रिय, ताबुरि, जितुम, लेय, पाथोन, जूक, कौर्प्य. पण नावांपेक्षा त्याने केलेले राशींचे वर्णन अधिक बोलके आहे. धनू म्हणजे 'चापी नरोऽश्वजघनः', धनुष्य घेतलेला, कमरेखाली घोडा असलेला माणूस. हा ग्रीकांचा अश्वमानव, आपल्या एकाही पुराणकथेत तो असा धनुष्य ताणून उभा नाही. मकर म्हणजे 'मृगास्य', तोंड हरणाचे असलेला. आपला मकर मगरीच्या जातीचा जलचर, त्याला हरणाचे तोंड कुठून आले? बाबिलोनच्या सीमाशिळांवर इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकापासून पुढून बोकड आणि मागून मासा असा प्राणी कोरलेला आहे. वराहमिहिराच्या मकराचे तोंड त्याच्याकडून आलेले आहे. कन्येच्या हातात वराहमिहिर धान्य देतो. बाबिलोनच्या आकाशातल्या देवीच्या हातातही धान्याचे कणीस आहे, आणि ते कणीस म्हणजे आपला चित्रा तारा.

आणि मिथुन? ग्रीकांकडे ते दोन जुळे भाऊ होते. वराहमिहिराने त्यांचे स्त्रीपुरुषांचे जोडपे केले, एकाच्या हाती गदा, दुसरीच्या हाती वीणा. हे वाचताना मला भरून येते. बाहेरून आलेल्या पाहुण्याला घरचे कपडे घातले, पण पाहुणा कुठला हे लपवले नाही. त्यानेच 'बृहत्संहिते'त दिलेले वचन सर्वांना परिचित आहे: यवन म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यापाशी नीट वसले आहे, म्हणून ऋषींसारखा त्यांचाही मान होतो. दीड हजार वर्षांपूर्वी उज्जयिनीच्या पंडिताला जे सांगताना संकोच वाटला नाही, ते सांगताना आज आपल्याला का वाटावा? वारांचेही तसेच. वेदांत सोमवार-मंगळवार नाहीत. भारतात वाराचा उल्लेख असलेला सर्वांत जुना तारखेचा लेख मध्य प्रदेशातल्या एरण इथला, बुधगुप्ताच्या काळातला, इ.स. ४८४ चा. तो गुरुवार आहे.

दिल्याची खातीही मोठी आहेत, आणि ती कागदोपत्री आहेत म्हणून भक्कम आहेत. अरबांच्या चंद्रमुक्कामांच्या यादीत पहिला मुक्काम अश्विनीचे दोन तारे, तिसरा कृत्तिका, चौथा रोहिणी. अरबांची स्वतःची जुनी तारकापरंपरा होती, पण हा क्रम पाहिला की आपल्या अश्विनी-भरणी-कृत्तिका यादीचा ठसा ओळखू येतो. बौद्ध ग्रंथांबरोबर नक्षत्रे चीनला गेली, तिथल्या अठ्ठावीस मुक्कामांशी त्यांची जुळणी झाली. तांग राजवटीच्या दरबारात गौतम सिद्ध हा भारतीय वंशाचा ज्योतिर्विद होता. त्याने ७१८ साली भारतीय गणिताचा नवग्रहांवरचा ग्रंथ चिनी भाषेत आणला. राहू आणि केतू चिनी पंचांगात लुओहोउ आणि जीदू होऊन बसले. आपण जगाला काय दिले हे सांगायचे तर एवढे पुरे आहे, अतिशयोक्तीची गरजच नाही. आणि घेतलेले लपवले की दिलेलेही लोक खरे मानत नाहीत.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते ती सांगतो. अल-बिरूनीने १०३० च्या सुमारास भारतावर ग्रंथ लिहिला. संस्कृत शिकलेला, आपल्या पंडितांचा मान राखणारा हा माणूस. नक्षत्रांच्या प्रकरणात तो लिहितो की नक्षत्रांतले तारे डोळ्यांनी ओळखून बोटाने दाखवू शकेल असा एकही माणूस आपल्याला इथे भेटला नाही. हजार वर्षे होऊन गेली, आणि आजही पंचांगात 'आज नक्षत्र रेवती' असे छापलेले असते, बारशाला आणि लग्नाला ते विचारलेही जाते, पण रेवती कुठे आहे हे विचारणाऱ्या माणसाला ती कोण दाखवणार? लग्नात ध्रुव-अरुंधतीचे दर्शन मंगल कार्यालयाच्या छताकडे पाहून उरकले जाते. ज्ञानप्रणाली पुन्हा उभी करायची म्हणतो, तर तिचे जे अंग अकराव्या शतकातच लुळे पडले होते त्यापासून सुरुवात करायला हवी. ग्रंथांचा अभिमान वाढवून ते अंग बरे होणार नाही.

मात्र अल-बिरूनी ज्या पंडितांना भेटला त्यांच्याबाहेर आकाश बघणारे होते आणि आहेत, हेही तितकेच खरे. शेतकऱ्यांचे पावसाचे नक्षत्रचक्र घ्या. रोहिणी, मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, हस्ताचा हत्ती, आणि पडतील स्वाती तर पिकतील मोती. सूर्य मृगात शिरतो तो आज ७-८ जूनला, आणि आपण समजतो की मृग आणि पेरणी यांचे नाते सनातन आहे. गणित वेगळे सांगते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो, त्या अयनचलनामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या तुलनेत साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. वराहमिहिराच्या काळी, आजच्या ऋतुमानाने मोजले तर, मृग मेच्या मध्यानंतर दोन-तीन दिवसांतच लागत होता. त्या वेळी महाराष्ट्रात मृगावर पेरा करणाऱ्याचे बी करपले असते. म्हणजे 'मृग लागला की पेरा' हे आपले शहाणपण त्यानंतरच्या शतकांत कुणीतरी पावसाकडे बघून बसवलेले आहे. कुणा ऋषीचे नाव त्यावर नाही. आणखी हजार वर्षांनी मृग जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लागेल, तेव्हा ते पुन्हा बसवावे लागेल. परंपरा टिकते ती अशी डोळे उघडे ठेवणाऱ्यांमुळे. अगस्त्याच्या उदयाने पावसाळा ओसरतो आणि गढूळ पाणी निवळते असे आपण म्हणतो. त्याच ताऱ्याला अरब सुहैल म्हणतात, आणि ऑगस्टअखेर तो पहाटे दिसला की वाळवंटातला उन्हाळा मोडला असे मानतात. एकच तारा, इकडे पावसाचा शेवट सांगतो, तिकडे उन्हाचा.

कुणी म्हणेल, शाळेत नक्षत्रे आणलीत की मागून फलज्योतिष येणार. ही भीती खरी आहे. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात २०० पत्रिकांवर घेतलेल्या चाचणीत, हुशार मुले आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुले पत्रिकेवरून ओळखायची होती. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली, त्यांचे यश ४६ टक्के आले. नाणे उडवूनही तेवढे मिळते. वर्गात ही चाचणीही शिकवावी. पण या भीतीपायी आकाशच सोडून देणे मला मान्य नाही. आपण सोडलेली जागा पत्रिकावालेच व्यापतात.

बाहेर काय चालले आहे ते पाहा. न्यूझीलंडने २०२२ पासून मातारिकी ही सार्वजनिक सुटी केली. मातारिकी म्हणजे कृत्तिका. तिथल्या हिवाळ्यात त्या पहाटे पुन्हा दिसू लागल्या की माओरी नवे वर्ष मानतात, आणि आता सारा देश मानतो. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने ८८ तारकासमूहांच्या सीमा १९३० च्या सुमारास पक्क्या केल्या, त्यांतली नावे मुख्यतः युरोपची. पण २०१६ साली त्याच संघटनेने ताऱ्यांच्या नावांसाठी गट नेमला आणि चिनी, ऑस्ट्रेलियन आदिवासी अशा परंपरांतली नावे अधिकृत होऊ लागली. आपली भरणी आणि रेवती त्या यादीत आहेत. जग आपल्या परंपरेसाठी दार उघडत आहे. आत काय घेऊन जायचे ते आपण ठरवायचे आहे.

कृत्तिकांचेच घ्या. तैत्तिरीय परंपरेत त्यांची सात नावे येतात: अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती, चुपुणीका. त्यांतल्या तिघी ढगांच्या आणि पावसाच्या. पुढे स्कंदाच्या कथेत त्या सप्तर्षींच्या बायका आणि स्कंदाच्या सहा माता झाल्या; सहाच, कारण सातवी अरुंधती वसिष्ठाला सोडून गेली नाही. ग्रीकांकडे सात बहिणी, त्यांतली एक हरवलेली. ऑस्ट्रेलियातही सात बहिणी, आणि मृगातले तारे त्यांच्या मागे लागलेले. डोळ्यांना सहज दिसतात सहा. सातवी कुठे गेली, याचे उत्तर प्रत्येकाने आपापल्या कथेत दिले. आपल्याकडे कार्तिक पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र असताना कार्तिकस्वामीचे दर्शन घेण्याची रीत आहे. त्या संध्याकाळी पूर्वेला चंद्र वर येतो तो कृत्तिकांच्या जवळपास असतो, आणि त्यावरूनच महिन्याला कार्तिक म्हणतात. देवळाच्या रांगेत उभ्या असलेल्या किती जणांना हे कुणी दाखवले आहे?

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्ञानप्रणालीच्या पुस्तकात खगोलाचा धडा लिहिणाऱ्यांनी मुलांना वर्षातून किमान चार पौर्णिमांना चंद्राशेजारचे तारे बघायला लावावे: चैत्रात चित्रा, वैशाखात विशाखा, कार्तिकात कृत्तिका, माघात मघा. त्याला दुर्बीण लागत नाही, अनुदान लागत नाही. चंद्राचा उजेड असतो, मंद तारे हरवतात, तेही मुलांनी टिपून घ्यावे आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहावे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीचा अंधार राखलेले क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली, भारतातली पहिली. तो गोंडांचा मुलूख आहे. तिथे रात्री येणाऱ्या पाहुण्यांना ग्रेट बेअर आणि सप्तर्षी यांच्याबरोबर म्हातारीची खाट दाखवली जावी, आणि दाखवणारा माणूस त्याच गावातला, मानधन घेणारा असावा. जी वृद्ध माणसे अजून खाट आणि चोर ओळखतात त्यांच्याकडून हे विद्यापीठांनी आताच लिहून घ्यावे, कारण आजूबाजूच्या गावांतल्या दिव्यांनी पुढच्या पिढीला ते तारे दिसतीलच असे नाही.

आणि राशींच्या पानावर वराहमिहिराचा तो श्लोक अर्थासह छापावा, शेजारी बाबिलोनच्या शिळेवरच्या बोकड-माशाचे चित्र द्यावे. पुस्तक मंडळात कुणाला त्यात कमीपणा वाटला, तर त्यांनी आधी 'बृहत्संहिते'तले यवनांवरचे वचन वाचावे आणि मग हरकत लेखी द्यावी.